गाव म्हणजे प्रयोगशाळा नव्हे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयीन मुलांना आता लोकांत जाऊन प्रकल्प करावा लागतो, त्याचे श्रेयांक मिळतात. पालघर आणि बोईसरच्या मधल्या आमच्या उमरोळीतही प्रश्नावल्या घेऊन मुलं येतात. बोरिंगचं पाणी कसं आहे? कचरा कुठे टाकता? चूल की गॅस? वस्तीतल्या बाया हातातलं काम टाकून उत्तरं देतात. मुलांना श्रेयांक मिळतात. अहवाल मात्र आजवर एकदाही वस्तीत परत आलेला नाही.

याला भागीदारी म्हणायचं का?

विद्यापीठं नकोत, असं आमचं म्हणणं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात शेजारचं तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं. मोजमाप हे आपल्यासाठी हत्यार आहे. पण तारापूरचं प्रदूषण राष्ट्रीय हरित लवादापुढे कोणी नेलं? मांगेला समाजाच्या परिषदेने, म्हणजे मासेमारीवर जगणाऱ्यांनी. तज्ज्ञांची समिती नंतर नेमली गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांवर आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई लावली. आधी लोकांचा प्रश्न, मग तज्ज्ञांचं ज्ञान. क्रम हाच हवा.

महाविद्यालयांनी स्थानिक विकासाचे प्रश्न अभ्यासावेत, म्हणून राज्यात 2016 पासून ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आहे. हेतू चांगलाच आहे. पण विषय विभागप्रमुखाने ठरवायचा आणि वस्तीने फक्त माहिती पुरवायची, ही जुनीच उतरंड झाली. म्हणून आमच्या अटी साध्या आहेत. विषय ग्रामसभेत ठरावा. अहवाल मराठीत लिहून तिथेच वाचला जावा. पाण्याचे नमुने नेले तर निकाल त्या घरी पोहोचावा. वस्तीतल्या पोरापोरींना वाटाड्या म्हणून नव्हे, संशोधक म्हणून घ्यावं आणि मानधन द्यावं.

महाडला 1927 साली बाबासाहेबांनी पाण्याचा प्रश्न माणूसपणाचा प्रश्न केला. 1956 साली आग्र्याला त्यांनी शिकलेल्यांविषयीची खंत बोलून दाखवली. ती खंत आज आपल्यालाही लागू आहे, कारण प्रश्नावली घेऊन येणाऱ्यांत आता आपलीही मुलं आहेत.

मित्रांनो, श्रेयांक जरूर घ्या. पण ज्या उंबऱ्यावर बसून उत्तरं लिहून घेतलीत, तिथे अहवाल घेऊन परत जा. विद्यापीठ विसरलं तरी तुम्ही विसरू नका.

जय भीम!