जुने ते पायाला, नवे ते कामाला

गेल्या सुट्टीत मावशीकडे हैदराबादला, दिलसुखनगरात राहिलो. तेथे संगणक-क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली. शाळेत शिकलेल्या एचटीएमएलच्या बळावर मीही एका क्लासात गेलो. माझे पान मोबाईलवर उघडले, तो टेबलात कोंबलेला मजकूर पडद्याबाहेर! मी ओशाळलो.

चूक अशी की, मजकूर आणि सजावट मी एकातच कालवली होती. २०१४ साली मान्य झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये 'फॉन्ट', 'सेंटर' हे टॅग कालबाह्य ठरले. सजावटीचे काम सीएसएसचे.

मग जुने शिक्षण वाया गेले काय? मुळीच नाही. हिशेबाच्या वह्या संगणकात गेल्या, म्हणून नावे-जमेचा नियम बदलला नाही. तसेच शीर्षकाचे, परिच्छेदाचे टॅग आजही तेच आहेत. मात्र तेवढ्यावर थांबणे बरे नव्हे.

आपल्या अंकाचेच पाहा. तो संकेतस्थळावर घालायचा तर मराठी आणि कन्नड मजकुराला आपापल्या भाषेची खूण द्यावी लागेल; अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्या खुणेवरून भाषा ओळखते. मित्रहो, हे काम आपण शिकलो नाही, तर आपल्या दोन्ही भाषांसाठी ते कोण करणार?