सोलापूरला चाललाय? बॅग अर्धी रिकामी ठेवा!

प्रत्येक ऑफिसात एक तरी सोलापूरकर असतोच. सुट्टी संपवून हुतात्मा एक्स्प्रेसने येणारा, डब्यातली शेंगा चटणी अख्ख्या टीमला वाटणारा आणि गावाकडच्या मित्राचा फोन आला की एका सेकंदात ‘काय करलालास बे?’ मोडमध्ये जाणारा. एक दिवस तो पेढे घेऊन येतो. लग्न ठरलेलं असतं. मुहूर्त? अर्थात मे महिन्यातला! मग काय, ग्रुप तयार होतो, रजेचे अर्ज पडतात, गाडी की ट्रेन यावर दोन दिवस वाद होतो. आणि आदल्या रात्री सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, ‘यार, बॅगेत भरायचं काय?’

इथेच गडबड होते. गोवा किंवा महाबळेश्वरला जाताना भरलेली बॅग आपण तशीच उचलतो. टाइट जीन्स, पॉलिस्टरचे शर्ट, लग्नासाठी चकचकीत शेरवानी, दोन जाडजूड टॉवेल आणि वर ‘असू दे’ म्हणून कोंबलेल्या सतरा गोष्टी. ही बॅग सोलापुरात कामाची नाही. खरं सांगायचं तर उन्हात कसं राहायचं, काय नेसायचं, काय खायचं याचं शास्त्र सोलापूरने कधीच करून ठेवलंय. आपण फक्त त्याची कॉपी मारायची!

आधी ऊन समजून घ्या

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि वाईट दिवशी ४३-४४ अंशांवर जातो. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते उन्हाचं कोरडेपण. मुंबईत ३३ अंशांनाच आपण घामाने चिंब होतो, कारण हवेत आधीच भरपूर बाष्प असतं आणि घाम वाळत नाही. सोलापुरात उलट. हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी, कळतच नाही. त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांना वाटतं, ‘अरे, काही एवढं गरम नाहीये.’ घाम दिसत नाही म्हणून पाणी प्यायलं जात नाही, आणि दुपारी तीनला वरातीत नाचणारा हीरो साडेतीनला कोपऱ्यात डोकं धरून बसलेला असतो.

म्हणून बॅगेत पहिली जाते पाण्याची बाटली. छोटी नको, एक लिटरची. तिच्यासोबत ओआरएसची चार-पाच पाकिटं. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं असतं. अर्धं आत्ता, अर्धं नंतर असा हिशेब करू नका, प्रमाण बिघडतं. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं. लिंबू-सरबत, ताक, पन्हं मिळेल तिथे नाही म्हणायचं नाही.

आणि एक गोष्ट थट्टेची नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, चक्कर येऊन पडलं, अंग तापून भाजल्यासारखं लागलं, तर ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ म्हणून थांबू नका. हा उष्माघात असू शकतो आणि त्यात जीव जातो. सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि १०८ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. ग्रुपमध्ये कुणाचे आई-बाबा असतील, तर त्यांच्याकडे डबल लक्ष.

कपडे : कमी, सैल, सुती

उन्हाळा म्हणजे शॉर्ट्स आणि स्लीव्हलेस, हा फंडा समुद्रकिनारी ठीक आहे. कोरड्या उन्हात अंग झाकलेलंच बरं. पांढरा किंवा फिका, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता म्हणजे स्वतःची सावली स्वतः घेऊन फिरणं. गावाकडची आजोबा मंडळी धोतर, पैरण आणि डोक्याला पटका बांधून भर दुपारी हिंडतात, ते काय उगाच?

मुलींनो, टू-व्हीलरवर तोंडाला गुंडाळायचा तो स्कार्फ नक्की घ्या. मुलांनो, तुम्हीही लाजू नका. कॅपने कपाळ वाचतं, मान नाही. साधा सुती पंचा डोक्यावरून मानेवर सोडला तर दोन्ही कामं होतात. ओला करून पिळून गळ्यात टाकला, तर बिनविजेचा एसी! गॉगल आणि सनस्क्रीन तर हवंच.

किती जोड? वीकएंडसाठी दोन पुरेत. रात्री अर्ध्या बादलीत पातळ कुर्ता धुऊन दोरीवर टाका, सकाळी कडकडीत वाळलेला मिळेल. जीन्स एकच, तीही प्रवासात. पायात सँडल. आणि एक गोष्ट जी कुठल्याच चेकलिस्टमध्ये नसते : जाड सुती मोजे. तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर तर तुम्ही बघणारच. शिवाय अक्कलकोट साधारण ४० किलोमीटरवर, तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास, पंढरपूर सत्तरेक. देवदर्शन होणारच! चपला बाहेर काढल्या की भर दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी म्हणजे तापलेला तवा. मोजे घातले की पाय वाचतात, नाहीतर भक्तीपेक्षा उड्याच जास्त.

लग्नातला लूक

सिंथेटिक शेरवानी म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत शिरून नाचणं. कॉटन किंवा लिननचा कुर्ता, वर हवं तर सुती जॅकेट. फोटो झाले की जॅकेट हातात. मुलींनी दुपारच्या अक्षतांना सुती किंवा हलकी रेशमी साडी नेसावी. जरीकाठी जड ऐवज रिसेप्शनसाठी राखून ठेवावा. मेकअप कमीत कमी. आणि फेटा बांधायला आले तर आनंदाने बांधून घ्या. तो फक्त फोटोसाठी नसतो, डोक्यावर सुती कापडाचे इतके थर म्हणजे उन्हापासून मस्त संरक्षण.

टॉवेल घरी ठेवा, प्लीज!

सोलापूरला टॉवेल घेऊन जाणं म्हणजे नाशिकला द्राक्षं नेण्यासारखं. आपल्याकडे मानाचा आहेर कुठला? टॉवेल-टोपी. त्यातला टॉवेल जिथला, तिथे आपण चाललोय! सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही २००५-०६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे ‘सोलापुरी’ हे नाव कायद्याने त्या गावच्या मालाचं.

टेरी टॉवेलची गंमत माहितीये? त्यात उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला, एक सैल सोडलेला. विणताना सैल धाग्याचे छोटे छोटे फासे वर येतात आणि तेच पाणी पितात. म्हणून नवा टॉवेल एकदा धुऊन मग वापरायचा आणि त्याला फॅब्रिक सॉफ्टनर लावायचं नाही. सॉफ्टनरचा थर फाशांवर बसतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी काही पीत नाही.

चादरीचीही एक खूण लक्षात ठेवा. खरी सोलापुरी चादर जॅकार्डवर विणलेली, सुती आणि वजनदार असते. नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. चादर उलटी करा. तीच नक्षी मागेही दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. हातात हलकी, गुळगुळीत, मागून फिकट लागली, तर समजा की नाव सोलापूरचं आणि गाव दुसरंच. पानिपतसारख्या ठिकाणच्या स्वस्त मालाने सोलापूरच्या मागवाल्यांचं बाजारात बरंच नुकसान केलंय.

आता जरा थांबून एक विचार करा. सोलापुरात पहिली कापड गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, १८७७ मध्ये उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या आल्या, शहर भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. मग एकेक करून त्या बंद पडल्या. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पूर्व भागाने यंत्रमागांवर हे कापड जिवंत ठेवलं. ज्या उन्हात आपण दोन दिवसांसाठी सनस्क्रीनची ट्यूब रिकामी करतो, त्याच उन्हात माग चालू असतात. सूत फार कोरडं पडलं की तुटतं, त्यामुळे शेडमध्ये मोकळा वारा खेळवायची चैन नसते. वर मागांचा खडखडाट. त्या घरातली मुलं शिकून पुण्या-मुंबईला आपल्या शेजारच्या डेस्कवर येऊन बसतात. मॉलमध्ये ब्रँडेड टॉवेलचं बिल आपण मुकाट भरतो आणि चाटी गल्लीत मात्र चादरीसाठी वीस-वीस रुपये कापत बसतो. अस्सल माल असेल तर सांगितलेले पैसे द्या. एवढं तरी आपण करूच शकतो.

खाऊची पॅकिंग : गुरू एकच, कडक भाकरी

जाताना चॉकलेट, क्रीमची मिठाई, केक अजिबात नको. पोचेपर्यंत सूप होईल. बाकरवडी, चिवडा असं सुकं काहीतरी न्या.

येताना काय आणायचं हे सांगायला हवं का? कडक भाकरी! ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, पूर्ण वाळवलेली. पाण्याचा अंशच नाही, त्यामुळे या उन्हात खराब होणार कशी? फ्रिज नव्हते तेव्हापासूनचं हे ट्रॅव्हल फूड आहे. आमटीत चुरा, दह्याबरोबर खा किंवा नुसती कुडुम-कुडुम चावा. जोडीला शेंगा चटणी. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, मीठ, आणि दाण्याचंच तेल सुटेपर्यंत कुटलेली. पण सावधान, ते तेल बॅगेतही सुटतं. चटणी स्टीलच्या डब्यात भरा आणि डबा वेगळ्या पिशवीत घाला. नाहीतर सोमवारी मीटिंगमध्ये तुमच्या पांढऱ्या शर्टावर सोलापूरचा नकाशा असेल. भाकरी चादरीच्या घडीत ठेवा, एक तुकडा पडणार नाही.

पाहुण्यासारखे राहा, पाणी जपून

सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं तीन-चार, कधी पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी बघितलंय. घरोघरी भरून ठेवलेली पिंपं उगाच नसतात. मित्र तोंडाने काही म्हणणार नाही, उलट ‘अजून एक बादली घे की’ म्हणेल. आपणच एका बादलीत उरकायचं. तीन वेळा आंघोळ करण्यापेक्षा ओला पंचा अंगावरून फिरवा, तेवढाच गारवा.

जायचं कसं?

पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस रात्री पोचवते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव या गाडीला आहे : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. तिकिटावरचं नाव आता नुसतं वाचून सोडू नका. मुंबईकरांसाठी रात्रीची सिद्धेश्वर आहे आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही धावतेय. गाडीने निघालात तर पहाटे निघा, टायरची हवा तपासा आणि बंद गाडीत लॅपटॉप, पॉवर बँक, डिओचा कॅन ठेवू नका. कुणाचं इन्शुलिन असेल तर ते थंड पाऊचमध्ये, पण बर्फाला थेट चिकटू न देता.

उन्हाचं फारच टेन्शन आलं असेल, तर जानेवारी आहेच. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. उंच नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, होम मैदानावरचे पाळणे, आणि मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एकाच गर्दीत कानावर पडणारं. तेव्हा पहाटेसाठी एक हलका स्वेटर टाका, दुपारी तोही नको होईल.

झटपट चेकलिस्ट

– लिटरची बाटली, ओआरएस
– सैल सुती कुर्ते दोन, लग्नाचा सुती जोड एक
– स्कार्फ किंवा पंचा, गॉगल, सनस्क्रीन
– जाड सुती मोजे, सँडल
– रोजची औषधं, सुका खाऊ
– रिकामा स्टीलचा डबा
– रिकामी जागा : अर्धी बॅग!

ती अर्धी बॅग येताना बरोबर भरते. तळाला चादर, मध्ये भाकरी, कडेला टॉवेल, वर चटणीचा डबा. आणि चेन लागत नसेल तर मित्राच्या आईला हाक मारा. ‘थांब की बाळा’ म्हणत त्या एका गुडघ्यात बॅग बंद करून देतील, आणि आत अजून एक पुडी घातलेली तुम्हाला घरी गेल्यावरच कळेल.

हॅपी पॅकिंग!