आठ मिलिमीटरचा प्रश्न

मागच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून खेळण्यातल्या आगगाडीचा एक मालडबा उचलला. इटलीच्या लिमा कंपनीचा, एक हुक तुटलेला. ठरवलं, याच्यापासून आमच्या बदनापूरवरून जाणाऱ्या मीटरगेज मालगाडीचा डबा बनवायचा. रूममेट म्हणाला, "विटकरी रंग मार, दारावर द.म.रे. लिही, झालं! कुणाला कळतंय?"

नेमकं इथंच माझं डोकं फिरतं.

हे खेळणं १:८७ मापाचं, चाकं १६.५ मिमी रुळांसाठी. गुणाकार करा: १४३५ मिमी, म्हणजे युरोपातला गेज. आपला ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००. थोडक्यात, हा डबा आपल्या दोन्ही रुळांवर बसत नाही! मीटरगेजला साडेअकरा मिमी हवेत. स्विस छोट्या गाड्यांच्या मॉडेलची १२ मिमीची चाकं त्यातल्या त्यात जवळची. पुढचे-मागचे जोडबफर कापायचे, कारण मीटरगेजला मधोमध एकच बफर आणि तिथंच हुक. हे सगळं झाल्यावर मग रंग.

"एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?" मॉडेलवर ब्रॉडगेज आणि मीटरगेजमधला फरक जेमतेम आठ मिमी, खरं आहे. खऱ्या रुळांवर तो ६७६ मिमी. आणि तेवढ्यापायी मराठवाड्यातून गेलेला माल मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागायचा. आमचे आजोबा मनमाडचं नाव निघालं की आधी हमालांच्या पाठी आणि फुटलेली पोती आठवायचे. १९०० च्या सुमारास, निजामाच्या राज्यात आलेला हा मीटरगेज १९९० च्या दशकात गेला. माझ्या पिढीने तो पाहिलाच नाही. आता मॉडेलही खोटं केलं, तर उरलं काय?

संग्राहक म्हणतील, जुन्या खेळण्याला हात लावू नये. खोक्यासकट धडधाकट असेल तर मीही लावणार नाही. पण असे डबे कारखान्यातून ढिगाने निघाले. मोडक्यातल्या एकाने आमच्या गावची आठवण धरून ठेवली, तर बिघडलं कुठे?

"चालतंय ना, मग हात नको लावू" म्हणत आपण आठवडाभर कोड पुढे ढकलतोच. निदान शनिवार-रविवारी तरी ते नको. जुने फोटो शोधा, गावातल्या निवृत्त रेल्वेवाल्याला गाठा, आकडे लिहून घ्या.

रंगाचा डबा शेवटी उघडा.