घंटाफुलांच्या बियांचे पाकीट काय सांगत नाही

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या मार्गावर बख्शी का तालाब हे गाव आहे. नबाबी काळातील एका बख्शीच्या तलावावरून पडलेले हे नाव आज आंब्याच्या फळपट्ट्यासाठी, वायुदलाच्या तळासाठी आणि चंद्रभानू गुप्त कृषी महाविद्यालयासाठी ओळखले जाते. या परिसरातील हौशी बागांतून आणि लहान रोपवाटिकांतून कॅम्पॅन्युला, म्हणजे घंटाफूल, लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. बी उगवते, पानांचा भरघोस गुच्छ जमिनीलगत बसतो, थंडीभर टवटवीत राहतो, पण फूल काही येत नाही. एप्रिलअखेर उन्हाच्या झळा लागल्या की गुच्छ करपतो. शेजारच्या वाफ्यात त्याच नावाच्या दुसऱ्या पाकिटातील रोपे मात्र वीतभर उंचीवरच फुलून मोकळी होतात. मग झाड लहरी ठरते. हा दोष झाडाच्या माथी मारणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

मुळात कॅम्पॅन्युला हे एका झाडाचे नाव नाही. या प्रजातीत चारशेहून अधिक जाती असून त्यांत वर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे सर्व प्रकार आढळतात. बागांतून सर्वाधिक परिचित असलेली कॅम्पॅन्युला मेडियम ही दक्षिण युरोपातील जाती मूळची द्विवर्षायू. पहिल्या वर्षी ती केवळ पाने धरते. पुरेशी वाढ झालेल्या गुच्छाला काही आठवडे सलग कडक थंडी मिळाली आणि त्यानंतर दिवस लांबत गेले, तरच तिचा फुलदांडा वर येतो. येथे ‘पुरेशी वाढ झालेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबरात पेरलेले रोप जानेवारीत इतके लहान असते, की थंडी पडूनही त्याला ती उमगत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पेरावे, तर पावसाळी दमटपणात मर रोग कोवळी रोपे घेऊन जातो. बी अत्यंत बारीक असून त्याला उगवणीसाठी प्रकाश लागतो. त्यामुळे ते मातीखाली झाकता येत नाही आणि झारीच्या पाण्याने वाहून जाते. कुंडीला खालून पाणी द्यावे लागते.

लखनौची थंडी बोचरी असली तरी तुटक आहे. जानेवारीतील रात्री 7-8 अंश सेल्सियसपर्यंत उतरतात आणि धुके नसेल तर दुपारी पारा 20 अंशांच्या पुढे जातो. त्याहून मोठी अडचण दिवसाच्या लांबीची. 27 अक्षांशावर डिसेंबरातील दिवस साधारण साडेदहा तासांचा आणि जूनमधील पावणेचौदा तासांचा असतो. युरोपात थंडी ओसरल्यावर लांब दिवस आणि सौम्य हवा एकत्र येतात. गंगेच्या मैदानात लांब दिवस येतात ते लू घेऊनच. झाडाला हव्या असलेल्या दोन गोष्टी येथे एकमेकींना भेटत नाहीत.

या अडचणीवर उत्तर निघालेले आहे. जपानी बियाणे उद्योगाने विकसित केलेल्या ‘चॅम्पियन’ मालिकेतील संकरित वाणांना थंडीची अट नाही. त्यांना केवळ लांब दिवस हवेत आणि ते विजेच्या दिव्यांनी देता येतात. आपल्याकडील पॉलीहाऊसमध्ये शेवंतीचे फूल लांबवण्यासाठी रात्री दिवे लावतात. तोच दिवा घंटाफुलाला लवकर फुलवतो. मात्र रोप लहान असतानाच दिवे लावले, तर ते उंच होण्याआधी कळ्या धरते. शेजारच्या वाफ्यातील वीतभर उंचीच्या फुलांचे कोडे असल्याच कारणांनी सुटते: वाण निराळा, किंवा रोप लहान असतानाच दिवस लांबलेले. बागेसाठी ते चालते. दांड्यासाठी फूल विकणाऱ्याचे मात्र त्यात नुकसान आहे.

हे नुकसान किती, याचा अंदाज हौशी माणसाला येणार नाही. बख्शी का तालाबचा लहान शेतकरी दोन-चार बिस्व्यांत (पक्का बिस्वा आपल्या गुंठ्याहून थोडा मोठा) महागडे संकरित बी लावतो, ते शहरातील विवाहसजावटीच्या भरवशावर. दिव्यांविना सोडलेले पीक फुललेच तर मार्चच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर फुलणार. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत उत्तरेत खरमास पाळला जातो आणि लग्ने थांबतात. चौकातील फूलवाली गलीत झेंडू-गुलाबाला देवळांचे गिऱ्हाईक तरी असते. घंटाफूल कोणत्या देवाला वाहणार? त्यात परागण झालेले घंटाफूल लवकर कोमेजते. मोहरीवर आलेल्या मधमाश्यांना बाग आणि विक्रीचा वाफा यांतील भेद कळत नाही, म्हणून फूल उमलण्याच्या बेतात असतानाच दांडा कापणे किंवा जाळी घालणे भाग पडते.

यांपैकी पाकिटावर काय छापलेले असते? बहुधा एक रंगीत चित्र आणि ‘हिवाळी फुलझाड’ एवढी नोंद. कायद्याचा धाकही नाही. बियाणे अधिनियम, 1966 मधील ‘बियाणे’ या संज्ञेत अन्नपिके, तेलबिया, फळे, भाजीपाला, कापूस, ताग आणि चारा यांचा समावेश आहे. फुलझाडे त्यात नाहीत. मुळ्याचे बी विकणाऱ्यावर असलेले बंधन शंभर पटींनी महाग फुलबियांच्या विक्रेत्यावर नसावे, हे विचित्र आहे. जातीचे पूर्ण नाव, आयुर्मान, थंडीची गरज आणि फुलण्यास लागणारे दिवसाचे तास, या चार गोष्टी पाकिटावर छापणे सक्तीचे व्हावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पूर्ण नावाचा आग्रह अशासाठी, की याच कुळातील कॅम्पॅन्युला रॅपन्क्युलॉइडिस ही जाती उत्तर अमेरिकेतील बागांत जाड मुळांनी पसरणारे चिवट तण ठरली आहे आणि तेथे ती पुष्कळदा भलत्याच नावाने बागेत शिरते.

छापील माहितीला स्थानिक चाचणीची जोडही हवी. लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीत शेंडे न खुडता, आधार न देता वाढणारे वाण निवडून मैदानी बागांचे काम सोपे केले. घंटाफुलांसाठी एवढे मोठे काम नको. तीन-चार वाण, चार पेरणी-तारखा आणि दिव्यांच्या दोन वेळा एवढी चाचणी एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या वाफ्यावर दोन हंगामांत होऊ शकते. पुण्याचे वेळापत्रक मात्र वेगळे काढावे लागेल. तेथे जूनचा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच थांबतो.

सह्याद्रीतील कारवी साधारण सात वर्षांनी फुलते. तिला कोणी लहरी म्हणत नाही, कारण तिचा हिशेब गावकऱ्यांना ठाऊक आहे. खुद्द गंगेच्या मैदानातही एक रानटी घंटाफूल आहे. हिवाळी शेतांत तण म्हणून उगवणारी ही कॅम्पॅन्युला डायमॉर्फॅन्था वर्षायू असून तिची काही फुले उमलतात, तर काही न उमलताच आतल्या आत बी धरतात. नगण्य दिसणाऱ्या या झुडपाने येथील आखूड हिवाळ्याशी जुळवून घेतले आहे. पैदासकारांनी तिच्याकडे एकदा पाहावे.