यादीत नाव नसलेला आजार

पावसाळ्यात पुण्यात कुणाच्या प्लेटलेट्स उतरल्या की घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले सगळे एकच निदान करतात : डेंगी. पपईच्या पानांचा रस सुरू होतो, किवी आणली जाते. बहुतेक वेळा निदान बरोबरही निघते. पण दोन-तीन आठवडे उलटले तरी काउंट वर येत नाही, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही घसरतात, मार न लागता अंगावर जांभळे डाग उमटतात, तेव्हा कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासावा लागतो. क्वचित एखाद्या अहवालात दिसते की रक्त तयार करणाऱ्या पेशी जवळपास संपल्या आहेत आणि त्यांच्या जागी चरबी आहे. हा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही.

आजार दुर्मीळ आहे. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दहा लाखांमागे साधारण २ नवे रुग्ण सापडतात. आशियात हे प्रमाण दुप्पट-तिप्पट आहे. १९३४ साली मेरी क्युरी गेल्या त्या याच आजाराने, आणि त्यांच्या बाबतीत बोट किरणोत्साराकडे दाखवले जाते. बहुतेक रुग्णांत मात्र कारण सापडतच नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मॅरोवर उलटते, एवढे कळते. हा कॅन्सर नाही, हे ऐकून नातेवाइकांना हायसे वाटते. ते फार काळ टिकत नाही.

कारण उपचार कॅन्सरइतकेच जड आहेत. तरुण रुग्णाच्या सख्ख्या भावंडाचा एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणांचा प्रकार) जुळला तर बोन मॅरो प्रत्यारोपण. जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे २५ टक्के. भारतात पहिले प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केले, आज पुण्यातही ही सोय आहे. भावंड जुळले नाही तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे : घोड्याच्या रक्तापासून बनवलेले एटीजी आणि सोबत सायक्लोस्पोरिन. त्याचा गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. हिरड्या सुजतात, हात थरथरतात, किडनीवर लक्ष ठेवावे लागते.

हे तीन-सहा महिने हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करत कसे काढायचे, हा खरा प्रश्न. दात घासायला मऊ ब्रश, अंगदुखीला आयब्युप्रोफेन वर्ज्य, कोशिंबीर बंद. पांढऱ्या पेशी अगदी कमी असताना १००.४ अंश ताप आला तर तो ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढायचा नसतो. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. संध्याकाळी सहा वाजता फेज थ्रीमधून वाकड पुलापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ते तिथल्या माणसाला सांगायला नको. बांधकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुफ्फुसात जातात, आणि हिंजवडीत बांधकाम नाही असा रस्ता शोधावा लागतो. अशा माणसाने घरून काम मागितले तर ती चैन नव्हे.

वरून तो ठणठणीत दिसतो, हीच अडचण. साहेबाला पेशी दिसत नाहीत, रजेचा अर्ज दिसतो.

रक्ताची गोष्ट आणखी वेगळी. भाऊ बाही सरसावून येतो आणि डॉक्टर त्यालाच नको म्हणतात, कारण प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर जवळच्या नातेवाइकांचे रक्त टाळतात; रुग्णाचे शरीर त्याविरुद्ध आधीच सज्ज झाले तर नवा मॅरो रुजत नाही. म्हणजे परक्यांवरच भिस्त. प्लेटलेट्सची पिशवी फक्त पाच दिवस टिकते, त्यामुळे वर्षातून एकदा कंपनीत भरणाऱ्या रक्तदान शिबिराचा या रुग्णाला फारसा उपयोग नाही. त्याला हवा एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट्स) दाता, जो यंत्रासमोर तास-दीड तास बसून फक्त प्लेटलेट्स देतो. नियमाने तो ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, वर्षात २४ वेळा. आयटी पार्कमध्ये धडधाकट तरुणांची वाण नाही. दर कंपनीने वीस-पंचवीस जणांची यादी ठेवली, आणि प्लेटलेट्स देण्याच्या दिवशी अर्धी सुटी दिली, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अर्जंट’ म्हणून फिरणारे निम्मे निरोप थांबतील.

पैशाचे गणित याहून कठोर. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर येतो आणि साधारणपणे नोकरीबरोबरच जातो. सहा महिने काम होत नाही म्हणून नोकरी सुटली, तर विम्याची गरज सर्वांत जास्त असताना विमा नसतो. नवी पॉलिसी मिळालीच तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा.

अशा वेळी कायद्याचा आधार हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत रक्ताचे आजार तीन : हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या रुग्णांना ही मान्यता मिळाली ती रास्तच. पण दर आठवड्याला प्लेटलेट्स चढवून घ्याव्या लागणाऱ्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या रुग्णाचे नाव तिथे नाही. याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक केले आहे. हातात अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर घरून काम हक्काने मागता येते; नसेल तर मॅनेजरच्या मर्जीवर.

यादी आजाराच्या नावाने करण्यातच चूक आहे. किती वेळा रक्त चढवावे लागते, किती काळ काम होत नाही, यावर ती ठरायला हवी. त्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. कायद्याच्या परिशिष्टात शेवटी एक नोंद आहे : केंद्र सरकार अधिसूचित करील असा अन्य कोणताही प्रकार. एका अधिसूचनेचे काम आहे, ते सरकारने करावे.