विश्लेषण : ग्लुकोज सेन्सर आणि इन्सुलिन पंप एकमेकांना जोडले की काय बदलते?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरात रात्री दोन-तीनचा गजर लावलेला असतो. उठायचे, झोपलेल्या मुलाच्या बोटाला सुई टोचायची आणि साखर ७०च्या खाली गेली असेल तर त्याला अर्धवट झोपेत साखरपाणी पाजायचे. दंडावर चिकटवलेला ग्लुकोज सेन्सर आणि कमरेला अडकवलेला इन्सुलिन पंप यांची जोडी हा गजर बऱ्याच अंशी बंद करू शकते. मात्र तिला ‘कृत्रिम स्वादुपिंड’ म्हणणे जरा जास्तच उदारपणाचे आहे. यंत्र काय करते आणि काय करत नाही, हे लाखांची खरेदी करण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे.

सेन्सर नेमके काय मोजतो?

सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली असते. ती रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजते. अनेक सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतात, म्हणजे दिवसाला २८८. दिवसातून चार वेळा बोट टोचून मिळणाऱ्या चार ठिपक्यांच्या जागी सलग रेघ दिसते. रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे साखर झपाट्याने घसरत असताना सेन्सर थोडा मागे असतो. म्हणूनच आकड्याशेजारच्या बाणाकडे आधी पाहायचे. ११० आणि आडवा बाण असेल तर निवांत बसावे. ११० आणि सरळ खाली जाणारे दोन बाण दिसले तर साखरेचा डबा जवळ घ्यावा. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच खाली दिसतो, हाही अनुभव अनेकांना येतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर ग्लुकोमीटरवर बोट टोचून खात्री करण्याला पर्याय नाही.

पंप कुठे अडतो?

पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते. ते थेंबाथेंबाने दिवसभर सुरू राहते आणि जेवणाच्या वेळी बटण दाबून जास्तीचा डोस घ्यावा लागतो. इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, तसा तो पंप वापरणाऱ्याकडे नसतो. त्वचेखालची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वाकली किंवा सुटली तर काही तासांतच शरीरात कीटोन वाढू लागतात आणि वेळीच लक्ष गेले नाही तर गोष्ट कीटोअ‍ॅसिडोसिसपर्यंत, म्हणजे अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकते. साखर चढली आहे आणि जास्तीचा डोस देऊनही उतरत नाही, असे दिसले की पंपावर विसंबून राहू नये. कीटोन तपासावेत, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने घ्यावा आणि कॅन्युला बदलावी. पंप असलेल्या घरातही पेन आणि इन्सुलिनची कुपी लागतेच.

दोघांना जोडल्याने काय साधते?

केवळ शेजारी-शेजारी ठेवलेली ही यंत्रे एकमेकांना काही सांगत नाहीत. सेन्सर दाखवतो आणि माणूस पाहून पंपाची बटणे दाबतो. मधला दुवा म्हणजे अल्गोरिदम. साखर घसरणार असा अंदाज आला की तो इन्सुलिनचा पुरवठा कमी करतो किंवा थांबवतो, चढू लागली की वाढवतो. अशा पहिल्या ‘हायब्रिड क्लोज्ड लूप’ यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६मध्ये मान्यता दिली. कंपन्यांची वाट न पाहता डॅना लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्येच ‘ओपनएपीएस’ ही यंत्रणा सर्वांसाठी खुली केली होती. रुग्णांनीच उद्योगाला पुढे ढकलल्याचे असे उदाहरण विरळाच.

या दुव्याची किंमत किती, याचे उत्तर २०१९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या १६८ जणांच्या चाचणीत मिळते. दोन्ही गटांकडे सेन्सर आणि पंप होतेच; एका गटात ते जोडलेले होते, दुसऱ्यात नव्हते. ७० ते १८० या पट्ट्यात साखर राहण्याचा वेळ जोडलेल्या गटात सहा महिन्यांत ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. दुसऱ्या गटात तो ५९ टक्क्यांवरच राहिला. फरक दिवसाला सुमारे अडीच तासांचा पडला आणि तो रात्री अधिक ठळक दिसला.

रात्री का, हे उघड आहे. रात्री कोणी जेवत नाही. ‘हायब्रिड’ या शब्दाची मेख इथेच आहे. ताटात काय येणार आहे, हे यंत्राला माहीत नसते. किती ग्रॅम कर्बोदके खाणार, हे जेवणाआधी पंपाला सांगावे लागते. बिस्किटाच्या पुड्यावर आकडा छापलेला असतो, भाकरीवर नसतो. आईच्या हातची भाकरी आणि खानावळीतली भाकरी यांच्या वजनातच दुपटीचा फरक पडू शकतो. साबुदाण्याची खिचडी साखर झपाट्याने वर नेते, तर तुपात भिजलेल्या पुरणपोळीची चढण उशिरापर्यंत चालू राहते आणि सुरुवातीचा डोस तोवर ओसरू लागलेला असतो. पिठाची वाटी ठरवून, स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून काही आठवडे लिहून काढले की हात बसतो. हे शिकवणारा आहारतज्ज्ञ नसेल तर उत्तम यंत्रही चुकीच्या माहितीवर चालते.

आपल्याकडे सुरुवात कुठून व्हावी?

पंप काही लाखांचा. शिवाय खर्च तिथे संपत नाही. १४ दिवसांचा सेन्सर धरला तर वर्षाला २६ लागतात. दर तीन दिवसांनी कॅन्युला बदलायची तर सव्वाशेच्या आसपास. सरकारी रुग्णालयात इन्सुलिन मिळाले तरी हा खर्च बहुतेक कुटुंबांच्या खिशातूनच जातो. वर्गणी काढून पंप घेतला आणि पुढच्या वर्षी सेन्सरला पैसे उरले नाहीत, तर यंत्रणा आंधळी होते.

म्हणून सार्वजनिक पैसा येणार असेल तर तो आधी सेन्सरवर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हावा, असे आमचे मत आहे. सेन्सरचा लाभ पंपाशिवायही होतो. इंजेक्शन घेणाऱ्या १५८ प्रौढांवरील अमेरिकेतील ‘डायमंड’ चाचणीत (२०१७) सेन्सर वापरणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, इतरांपेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने अधिक उतरली. ब्रिटनमध्येही क्रम असाच राहिला. तेथील ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०२२मध्ये टाइप वनच्या सर्व रुग्णांना सेन्सर देण्याची शिफारस केली, तर जोडलेल्या यंत्रणेची व्यापक शिफारस डिसेंबर २०२३मध्ये. तीही एकदम नव्हे, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने, कारण पैशाइतकीच प्रशिक्षित मनुष्यबळाची अडचण होती. आपल्याकडे तर ती कित्येक पटींनी मोठी आहे.

एक काम मात्र जवळपास फुकटात होण्यासारखे आहे. अनेक सेन्सरांचे आकडे मोबाइलवर येतात आणि परीक्षागृहात मोबाइलला बंदी असते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि खाण्याची मुभा द्यावी, तसेच परीक्षेत सेन्सर व पंप सोबत ठेवू द्यावेत, असे म्हटले होते. मोबाइल लागत असेल तर तो पर्यवेक्षकाकडे ठेवता येतो. हे पत्र प्रत्येक केंद्रप्रमुखाच्या टेबलावर बोर्डाच्या परीक्षेआधी पोहोचले, तर दहावीच्या मुलीला गणिताच्या पेपरच्या दिवशी दंडावरचे यंत्र काढून ठेवावे लागणार नाही.