चाकांवरचे घर आणि जोडकडीवरचा भार

अमेरिकेत डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक विकताना एक आकडा सर्वांत ठळक छापला जातो : हा ट्रक किती भार ओढू शकतो. २०१९ च्या नमुन्यांत रॅम कंपनीने आपल्या सर्वांत शक्तिमान डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकांना फिरविणारा पीळ, १००० पाउंड-फुटांवर नेला. अशा ट्रकमागे अनेकदा जोडले जाते ते चाकांवरचे घरच : बिछाने, शेगडी, न्हाणीघर आणि पाण्याची टाकी असलेला तीन-चार टनांचा निवासी ट्रेलर. ही जोडी तेथे स्वातंत्र्याचे प्रतीक मानली जाते. ते स्वातंत्र्य कोणाचे आणि त्याचा भार कोणावर, हा अर्थशास्त्राचा प्रश्न होय. परंतु त्याच्या उत्तराची सुरुवात यंत्रशास्त्रातच होते.

ओढण्याची क्षमता आणि वाहण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडकडीवाटे ट्रकच्या पाठीवर यावा लागतो. तो त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढच्या वाहनालाही रस्त्याबाहेर खेचू शकतो. ट्रेलर ४००० किलोंचा असेल तर हा भार ४०० ते ६०० किलो झाला. त्यात माणसे, सामान आणि जोडणीचे लोखंड मिळविले की, ओढण्याची ताकद पुष्कळ शिल्लक असतानाही वाहण्याची मर्यादा संपून जाते. डिझेल इंजिनाचे गुण खरे आहेत : चढावर ते कमी फेऱ्यांत जोर देते, उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेक चाकांच्या ब्रेकांना तापू देत नाही. पण ते पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते. म्हणून एकूण वजनाची मर्यादा सारखीच असलेल्या दोन ट्रकांपैकी डिझेलचा ट्रक पाठीवर कमी भार घेऊ शकतो. जाहिरात ताकदीची होते. मर्यादा दाराच्या कडेला चिकटविलेल्या छोट्या पट्टीवर असते. ती वाचून वजनकाट्यावर खात्री करण्याचे काम मालकाने स्वतः करावयाचे असते.

हा बाजार म्हणजे मुक्त स्पर्धेचे फळ, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकन कोंबड्यांवर युरोपने बसविलेल्या जकातीला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये आयात हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लागू केली. कोंबड्यांचा तंटा विस्मरणात गेला, जकात मात्र दशकानुदशके राहिली आणि तिच्या आडोशाला देशी ट्रक-उद्योग पोसला गेला. ८५०० पाउंडांहून अधिक एकूण वजनमर्यादेच्या अवजड पिकअपवर इंधनखर्चाचे सरकारी लेबल लावण्याचे बंधनही ठेवले गेले नाही. म्हणजे जे वाहन सर्वाधिक इंधन पिते त्याचाच हिशेब ग्राहकाला दाखविला जात नाही. ज्या ट्रेलरात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय आहे तो करकायद्यात ‘दुसरे घर’ ठरू शकतो आणि त्याच्या कर्जावरील व्याजाची वजावट मिळते. हा लाभ अर्थातच वजावटी मांडण्याइतके उत्पन्न असणाऱ्याला होतो.

नफ्याचा भार समाजावर कसा टाकला जातो, याचे उदाहरण याच इंजिनांनी दिले. २०१३ ते २०१९ या नमुन्यांच्या सुमारे ६,३०,००० रॅम पिकअपमधील डिझेल इंजिनांत प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणारी योजना असल्याचा आरोप अमेरिकन सरकारने कमिन्स या इंजिन-कंपनीवर केला. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या समझोत्यानुसार कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला, आरोप मात्र मान्य केला नाही. रस्त्याकडेच्या वस्त्यांनी जो धूर श्वासावाटे घेतला तो परत घेण्याची सोय कोणत्याही समझोत्यात नसते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. भटकंतीची ओढ ही काही श्रीमंतांची मिरास नाही. १९३६ मध्ये फ्रान्समधील लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि हजारो कुटुंबांनी प्रथमच समुद्र पाहिला. अमेरिकेत खाजगी नोकरांना पगारी रजेचा हक्क देणारा संघराज्याचा कायदा आजही नाही. तेव्हा आक्षेप सहलीवर नाही. ट्रेलरमध्ये सहलीसाठी कोण बसतो आणि नाइलाजाने कोण राहतो, हा फरक महत्त्वाचा आहे.

१९७८ च्या करकायद्यातील ४०१(के) या कलमाने वाट मोकळी केल्यावर निश्चित निवृत्तिवेतनाची जागा हळूहळू वैयक्तिक बचतखात्यांनी घेतली आणि म्हातारपणाची जोखीम कारखान्याकडून कामगाराकडे आली. २००८ च्या अरिष्टात घरे गेली, खाती आटली. निवासी वाहनांच्या उद्योगाचे माहेरघर असलेल्या इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परगण्यात २००९ मध्ये बेकारी २० टक्क्यांच्या घरात पोहोचली : चाकांवरची घरे बांधणाऱ्यांनाच आपले घर राखणे कठीण झाले. त्याच २००८ मध्ये ॲमेझॉनने ट्रेलरवासीयांना हंगामी मजूर म्हणून गोदामांत घेण्याची योजना सुरू केली. नाताळच्या गर्दीपुरते काम, ट्रेलर उभा करण्यापुरती जागा. हंगाम संपताच माल ओढणाऱ्याने आपले घर ओढीत पुढे जावे. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात अशा वृद्ध मजुरांचे जीवन नोंदविले आहे.

मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यातही शरद ऋतूतील बीट-हंगामात असे ट्रेलरवासी बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. अमेरिकन क्रिस्टल ही तेथील मोठी साखर कंपनी १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीची आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. बीडकडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल डोक्यावर घेऊन, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी आणि लेकरे बसवून, सहकारी कारखान्याच्या उसाच्या फडाकडे निघतो आणि तेथे कोपी उभारतो. दोघांच्या दारिद्र्यात अंतर मोठे आहे. परंतु सहकार बांधावरच्या मालकापर्यंत येऊन थांबला आणि फिरत्या मजुरापर्यंत पोहोचला नाही, हे दोन्हीकडे खरे आहे. एकाला हप्ता बांधून ठेवतो, दुसऱ्याला उचल. घर हलते, कर्ज मात्र जागचे हलत नाही.

म्हणून फिरत्या श्रमिकांविषयीची मागणी नेमकी मांडली पाहिजे. निवृत्तिवेतन, औषधोपचार, मतदान आणि मुलांची शाळा हे हक्क पत्त्याला चिकटलेले असता कामा नयेत. ते माणसाबरोबर फिरले पाहिजेत आणि त्यांचा खर्च ज्याच्या हंगामाला मजूर लागतो त्याने उचलला पाहिजे. जोडकडीला पेलणारा भार किती, हे पट्टीवर लिहावे लागते. सत्तरीच्या म्हातारीने किंवा कोयत्याच्या जोडीने किती भार पेलावा याची मर्यादा मात्र कोठेच लिहिलेली नाही. ती लिहून घेणे हे राजकारणाचे काम आहे.